रिले-जोडणी, जुन्या मोटारींतील

जुन्या मोटारीत मागाहून बसवलेले फॉग लाइट, दुहेरी हॉर्न, रेडिएटरचा विजेचा पंखा यांसारख्या जास्त वीज खाणाऱ्या वस्तूंना रिले या विजेने चालणाऱ्या मधल्या स्विचमार्गे बॅटरीतून थेट वीज द्यायची आणि डॅशबोर्डवरच्या स्विचकडे फक्त हुकूम सोडण्याचे काम ठेवायचे, या पद्धतीला रिले-जोडणी म्हणतात. कोकण किनाऱ्यावर कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी, २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली ॲम्बेसेडर आणि महिंद्राच्या जुन्या जीपा अजूनही कुणाच्या खळ्यात, कुणाच्या मांगरात जपलेल्या दिसतात. या गाड्यांच्या वायरिंगला वयाआधी खारी हवा खाते. त्यामुळे इथे रिले-जोडणीचा विचार करताना आकृतीइतकेच लक्ष सांध्यांकडे द्यावे लागते.

मूळ अडचण साध्या हिशेबात कळते. ५५ वॅटचे दोन फॉग लाइट म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टवर त्यांना सुमारे ९ अँपियर लागतात. ही सगळी वीज बॅटरीतून आत डॅशबोर्डपर्यंत, स्विचमधून, मग परत पुढे बंपरपर्यंत नेली, तर सहज पाच-सहा मीटर तार होते. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत एवढ्या अंतरावर जवळजवळ १ व्होल्ट खर्ची पडतो, आणि चाळीस वर्षांच्या स्विचचे काळवंडलेले कॉन्टॅक्ट आणखी थोडा खातात. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो: व्होल्टेज १० टक्के उतरले की उजेड ३० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. वाया गेलेल्या विजेची उष्णता होते. स्विच हाताला गरम लागतो, त्याचे प्लास्टिक मऊ पडते. पद्मिनीचा मूळ स्विच आज धड मिळणे मुश्कील. तो वाचवण्यासाठी तरी रिले बसवावाच.

रिले म्हणजे विद्युतचुंबकाने ओढला जाणारा स्विच. तारायंत्रात दुरून आलेला क्षीण संदेश पुढच्या टप्प्यावर ताज्या बॅटरीने रेटण्यासाठी तो वापरला जाई. मोटारीतल्या चार पिनच्या रिलेवर जर्मन मानकाचे आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ ही विद्युतचुंबकाच्या गुंडाळीची दोन टोके. ३० वर बॅटरीची वीज येते. ८७ मधून ती वस्तूकडे जाते. पाच पिनच्या रिलेत ८७अ ही जास्तीची पिन असते आणि रिले बंद असताना ती ३० ला जोडलेली राहते. गुंडाळीला सुमारे ०.१५ अँपियर पुरतात. म्हणजे जो स्विच ९ अँपियरखाली करपत होता, त्याच्यावर आता त्याच्या साठाव्या हिश्श्याचा भार येतो.

फॉग लाइटची जोडणी अशी: बॅटरीच्या धन टोकावरून २.५ चौरस मिलिमीटरची तार काढावी, वीतभर अंतरातच १५ अँपियरचा फ्यूज घालावा आणि पुढे ती ३० ला द्यावी. ८७ मधून तेवढ्याच जाडीची तार दिव्यांकडे. ८५ बॉडीला अर्थ (पत्र्यातून बॅटरीकडे परतीची वाट). ८६ ला स्विचमार्गे पार्किंग लाइटच्या तारेतून वीज, म्हणजे पार्किंग लाइट बंद केले की फॉग लाइटही जातात, विसरून जळत राहत नाहीत. ९ अँपियरने रात्रभरात छोटी बॅटरी पार उतरते. फ्यूज बॅटरीजवळच का, याचे कारण नीट समजून घ्यावे. फ्यूज तारेचे रक्षण करतो. तो दिव्याजवळ बसवला आणि मधेच तार पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये थांबवणारे काहीच उरत नाही. फ्यूजच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांतल्या काचेच्या फ्यूजवर लिहिलेले ३५ अँपियर म्हणजे तो उडण्याचा आकडा. सतत वाहून नेण्याची त्याची ताकद सुमारे १७ असते. आजचा पात्याचा ३५ चा फ्यूज त्याच्या जागी घालणे म्हणजे वायरिंग उघड्यावर टाकणे.

हॉर्नची गोष्ट थोडी उलटी. अनेक जुन्या गाड्यांत स्टिअरिंगवरचे बटण वीज देत नाही, अर्थ देते. अशा वेळी ८६ ला फ्यूजमधून वीज आणि ८५ बटणाच्या तारेला जोडतात. काचा वरखाली करणाऱ्या मोटरला दोन्ही दिशांना फिरावे लागते, म्हणून तिथे पाच पिनचे दोन रिले लागतात. दोन्हींच्या ३० मोटरच्या दोन टोकांना, ८७ विजेला, ८७अ अर्थला. एक रिले ओढला की काच वर, दुसरा ओढला की खाली. दोन्ही सुटले की मोटरची दोन्ही टोके अर्थवर येऊन ती जागच्या जागी थांबते.

गुंडाळीची वीज तुटताना उलट दाबाचा झटका येतो आणि नाजूक स्विचच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. तो जिरवायला काही रिलेंत आतच डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असतो. असा रिले उलटा जोडला की डायोडमधून शॉर्ट होतो. १९६० च्या दशकापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला असे. तिथे डायोडचा रिले लावण्याआधी दोनदा पाहावे.

रिले वीज निर्माण करत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगणे मेकॅनिकचे कर्तव्य आहे. जुन्या डायनॅमोची पूर्ण ताकद २० अँपियरच्या आसपास, आणि इंजिन सावकाश चालत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. आंबोली घाटात पावसाळी धुक्यात गाड्यांची रांग लागलेली असताना हेडलाइट, वायपर आणि फॉग लाइट एकदम चालले की बॅटरीच झिजते. ती फार उतरली की रिले टरटर करू लागतो, कारण आतले पाते ओढून घ्यायला साधारण ७-८ व्होल्ट तरी लागतात.

आता खाऱ्या हवेविषयी. किनाऱ्यावर तांबे हिरवे पडते, आणि ते नुसते टोकाला थांबत नाही. ओलावा इन्सुलेशनच्या आतून तारेच्या पेडांमध्ये चढत जातो. बाहेरून तार धडधाकट, आणि सोलली की आत हातभर काळी. अशा तारेला सोल्डरचा डागही बसत नाही. म्हणून शक्यतो कल्हई केलेल्या तांब्याची, बोटींवर वापरतात तशी तार घ्यावी. लग, म्हणजे तारेच्या टोकाचे धातूचे टोपण, नीट दाबून, गोंद असलेली स्लीव्ह गरम करून चढवावी. काळ्या टेपचा मे महिन्यात चिकटा होतो आणि जूनमध्ये त्याखाली पाणी साचते. टेप गुंडाळून सांधा झाकण्याची सवय कोकणात सोडलेलीच बरी. रिले पिना खाली करून, मडगार्डच्या आतल्या बाजूला शक्य तितका उंच बसवावा आणि होल्डरपाशी येणाऱ्या तारेला खाली झोल द्यावा, म्हणजे थेंब होल्डरात न शिरता झोलाच्या तळाशी गळतो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेला रिले वाळवून परत लावू नये. आत बसलेला गाळ पात्याला अडवतो. अर्थसाठी पत्रा रंग जाईपर्यंत घासून, बोल्ट आवळून, वर पेट्रोलियम जेली लावावी.

बिघाड शोधताना आधी कान लावावा. स्विच दाबल्यावर रिले टक् करतो पण दिवा लागत नाही, तर दोष ३०-८७ च्या बाजूला किंवा दिव्याच्या अर्थमध्ये. टक् होतच नाही, तर हुकमाच्या बाजूला. त्यानंतर मीटरपेक्षा २१ वॅटच्या बल्बचा टेस्टर हाताशी असावा. दहापैकी नऊ पेड सडून एकच शाबूत राहिला, तरी मीटर त्यावर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर वीज जवळजवळ घेतच नाही. बल्ब मात्र तिथे मिणमिणतो, आणि सांधा कुठे कुजला ते लगेच कळते. मीटरच वापरायचा तर दिवे चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे दिव्याच्या अर्थवर टेकवावे, ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला, तर तो बोल्ट खोलून घासावा.