कातळावरचं गवत: 'पोटखराब' जमिनीची पार्श्वभूमी

सात-बाऱ्यावरचा 'पोटखराब' हा शब्द कोकणातल्या सड्यांइतका, म्हणजे जांभ्याच्या सपाट कातळपठारांइतका, दुसऱ्या कुठल्या जमिनीला महागात पडला नसेल. पीक येत नाही म्हणून आकारणी नाही, एवढाच त्याचा महसुली अर्थ. पण आकार नाही म्हणजे किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणजे तिथे काही नाहीच, असा अर्थ हळूहळू सरकारच्या आणि अगदी जमीनमालकांच्याही डोक्यात बसला.

प्रत्यक्षात काय आहे? रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या कातळावर माती असते ती बोटभर, फार तर खळग्यात वीतभर. पावसाळ्यात वर पाणी साचतं किंवा पातळ पडद्यासारखं वाहत राहतं, आणि दिवाळी उलटली की सगळं कोरडं ठणठणीत. नत्र, स्फुरद नावापुरतं. म्हणूनच सीतेची आसवं आणि दवबिंदू यांसारख्या, किडे पचवून नत्राची गरज भागवणाऱ्या वनस्पती इथे टिकल्या. त्यांच्या जोडीला गेंदाचे पांढरे गोंडे आणि कवल्याची पिवळी फुलं. दीपकाडी तर पावसाच्या सुरुवातीलाच फुलून मोकळी होते. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे आणि या पट्ट्यातल्या सड्यांपलीकडे ती फारशी कुठे नाही. डबकं, कातळाची भेग, मातीचा खळगा यांतल्या प्रत्येकाची झाडं वेगळी, त्यामुळे पाच पावलांवर यादी बदलते.

ही जागा माणसाने कधी हात न लावलेली होती असं मात्र समजू नये. याच कातळांवर प्रागैतिहासिक माणसाने हत्ती कोरले, गेंडेही कोरले. गेंडा आज कोकणात नाही, पण कोरणाऱ्याने तो पाहिला असेल तर गवत आणि पाणी दोन्ही मुबलक असणार. पुढच्या शतकांत सडा म्हणजे गावाचं गुरचरण. राजापूर तालुक्यातल्या एका गावाचं नावच देवाचे गोठणे, आणि गोठण म्हणजे गुरं विसाव्याला बसवायची जागा. खळग्यांत बांध घालून, माती ओढून भाताची खाचरं केली गेली. उतारावरच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत नाचणी, वरी आणि हरिक. भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी रोपांची जमीन भाजायला, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या) लागे, तसं गवतही लागे. घरं आणि गोठे शाकारायलाही तेच.

गवत कापलं जाई ते दसऱ्यानंतर, वाळल्यावर. तोवर एका पावसात जगून मरणाऱ्या बुटक्या फुलझाडांचं बी पडून गेलेलं असे. उंच गवत निघून गेल्यामुळे पुढच्या ज्येष्ठ-आषाढात त्यांच्या रोपांना ऊन मिळे. कापणी, चराई आणि कातळाचा कंजूषपणा या तिन्हींमुळे कोणतंच एक गवत माजत नसे. यात निसर्गप्रेम वगैरे काही नव्हतं. डोक्यावर भारे वाहून उतरणाऱ्या बाईला फुलांचं कौतुक करायला फुरसत कुठली!

ही घडी मोडली ती टप्प्याटप्प्याने. १९४९च्या कायद्याने खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी, गेली आणि जमिनीची मालकी अनेक घरांत विभागली. घरटी एक-दोन माणसं मुंबईला गेली, गुरं कमी झाली, छपरांवर कौलं आणि पत्रे आले, गवताची गरजच उरली नाही. मग १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. हापूसची कलमं सड्यावर चढली. कातळात सुरुंग लावून खड्डे करायचे, खालून माती आणून भरायची, भोवती गडगा, म्हणजे दगडांचा बांध. या बागांनी कोकणातल्या कितीतरी कुटुंबांना उभं केलं, ते नाकारायचं कारण नाही. पण वनस्पतींच्या हिशेबात हा बदल मुळावर घाव घालणारा आहे. सावली आली, खोल माती आली, खत आलं. जिथे नत्राची टंचाई हीच काही झाडांची ताकद होती, तिथे खत पडल्यावर दांडगी गवतं त्यांना सहज मागे टाकतात. उरलंसुरलं तणनाशकाने जातं. जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणीचं तर काय सांगावं, तिथे कातळच उरत नाही. खोल खाणीत साठलेल्या पाण्याला सड्यावरच्या उथळ डबक्याची सर येत नाही. सिंधुदुर्गचा विमानतळही २०२१मध्ये सुरू झाला तो चिपीच्या सड्यावरच.

नुसतं सोडून दिल्यानेही काम होत नाही. चराई आणि कापणी थांबलेल्या जागी वाळलं गवत साचत जातं, फाल्गुनात वणव्याला आयतं सरपण होतं, आणि जिथे माती जरा जाड आहे तिथे कडेकडेने रानमोडी हे झुडपी तण घुसतं. उलट मोजकीच जागा उरल्याने सगळी गुरं तिथेच सोडली, तर टाकळ्यासारखं गुरं तोंड न लावणारं तेवढं वाढतं. सड्याला लागते ती थोडी, हंगाम पाहून केलेली वापरणूक, आणि ती करणारं मनुष्यबळच आता गावात नाही.

२०२२मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि सड्यावर गाड्या थांबू लागल्या. माणसं येतात, हत्ती शोधतात, फोटो काढतात. भाद्रपदात आली, तर पायाखाली गेंद असतो.