डाव्या हाताची ओढाताण: बुश विमानातल्या फ्लॅपच्या दांड्याची पार्श्वभूमी

धावपट्टी नसलेल्या दुर्गम जागी उतरणाऱ्या लहान बुश विमानातला फ्लॅपचा, म्हणजे पंखाची मागची कड खाली-वर करायचा दांडा बदलायचा म्हटलं की बहुतेक जण लांबीपासून सुरुवात करतात. तीन-चार इंच वाढवू, जोर कमी लागेल. दुखणं मात्र बऱ्याचदा दुसरीकडेच असतं. ऐन मोक्याच्या क्षणी वैमानिकाचा कोणता हात मोकळा असतो, तो कुठवर पोचतो आणि तेव्हाच त्याला आणखी काय धरायचं असतं? या दांड्यावर आजवर झालेले जवळजवळ सगळे फेरफार याच प्रश्नातून निघाले आहेत.

सुरुवातीच्या बुश विमानांना फ्लॅपच नव्हते. 21 फेब्रुवारी 1924 रोजी कार्ल बेन आयलसन अलास्कात फेअरबँक्सहून मॅकग्राथला टपाल घेऊन गेला, ते एकावर एक दोन पंखांचं डीएच-4 होतं. पंखाची मागची कड खाली वळवून उचल वाढवायची कल्पना तेव्हाही नवी नव्हती. पहिल्या महायुद्धातल्या फेअरी हॅम्बल बेबी विमानात ती वापरली गेली होती, आणि अमेरिकेत हार्लन फाउलरने मागे सरकत खाली उतरणारा फ्लॅप 1924 मध्येच शोधला. पण फ्लॅपची खरी निकड होती वेगवान विमानांना. त्यांचे पंख लहान, त्यामुळे उतरताना वेग आवरणं कठीण. हळू उडणाऱ्या हलक्या विमानांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. पायपर कंपनीच्या जे-3 कबला फ्लॅप नव्हते आणि त्याची उणीवही कुणाला फारशी भासली नाही. अपवाद जर्मन श्टॉर्खचा. 1936 मध्ये उडालेलं हे विमान मुद्दाम तोकड्या जागेसाठीच बनवलेलं होतं, आणि त्याचे भलेमोठे फ्लॅप वैमानिक हाताने कळ फिरवत खाली घ्यायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. इंजिनं मोठी झाली, वजनं वाढली आणि उतरायची जागा तीच राहिली: नदीकाठची वाळू, डोंगरउतार, शिकारीच्या तळाजवळचं गवत. पायपरचं पीए-12 फ्लॅपविना आलं होतं. अलास्कात पुढे कित्येक पीए-12 ना मागाहून फ्लॅप बसवले गेले. 1949 मध्ये सुपर कब आलं. त्याच्या कमी शक्तीच्या 95 प्रकाराला फ्लॅप नव्हते, 125 आणि 150 ला होते.

इथेच हाताची अडचण उभी राहते. सुपर कबमध्ये दोघं एकामागे एक बसतात. उजव्या हातात विमान वळवायची स्टिक, डाव्या हाताशी भिंतीवर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करायची कळ. विमानाचा तोल साधायची ट्रिमची कळ डावीकडे, आणि फ्लॅपचा दांडाही डावीकडेच, खाली. म्हणजे फ्लॅप ओढायचा तर थ्रॉटल सोडावं लागतं, आणि थ्रॉटल सोडावंसं वाटत नाही तो क्षण नेमका तोच असतो. त्यात पुढे खांद्यावरचे पट्टे आले. कंबरेच्या पट्ट्यावर बसलेला माणूस थोडं पुढे वाकून दांडा धरू शकत होता. खांदे मागे बांधल्यावर तोच दांडा चार बोटं दूर गेला. दांड्याच्या जागेत काहीच बदललं नव्हतं, बदलली होती माणसाची बैठक.

सेसना कंपनीने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. 170बी (1952) आणि 180 (1953) या विमानांत दोघं शेजारी-शेजारी बसतात. डावा हात योकवर (स्टिकऐवजी असलेल्या चाकावर), उजवा थ्रॉटलवर, आणि दांडा दोन सीटांच्या मध्ये जमिनीवर, मोटारीच्या हँडब्रेकसारखा. शेंड्याला दांडा खाचेतून सोडवायचं, अंगठ्याने दाबायचं बटण. अमेरिकन वैमानिक त्याला 'जॉन्सन बार' म्हणतात. हा शब्द वाफेच्या रेल्वे इंजिनातल्या गती उलटवायच्या दांड्यावरून आला. पूर्ण ओढला की फ्लॅप 40 अंश खाली. इथेही थ्रॉटल सोडावं लागतंच, पण हात सरळ खाली जातो आणि नजर बाहेरच राहते. कॅनडाच्या डी हॅविलंड बीव्हरने (पहिलं उड्डाण 16 ऑगस्ट 1947) तिसरी वाट धरली: सीटशेजारी हायड्रॉलिक पंपाचा दांडा, फ्लॅप हवा तेवढा खाली येईपर्यंत हाताने मारत राहायचा. जोर कमी लागतो, वेळ जास्त.

1960 च्या दशकात विजेची मोटर आली. सेसना 182 ला ती 1962 च्या मॉडेलपासून आणि 172 ला 1965 च्या मॉडेलपासून मिळाली. बटण दाबा आणि विसरा. घरगुती गिऱ्हाइकाला हे आवडणारच. पण 180 आणि 185 हाताच्या दांड्यावरच राहिली, अनुक्रमे 1981 आणि 1985 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत. यात जुनाटपणाचा हट्ट मला दिसत नाही. मोटरला फ्लॅप पूर्ण उतरवायला काही सेकंद लागतात. हाताने ते काम एका झटक्यात होतं, आणि तो झटकाच बुश वैमानिकाला हवा असतो.

तो दोन ठिकाणी कामाला येतो. उड्डाणाच्या वेळी विमान धावत असताना फ्लॅप कमी ठेवायचे, म्हणजे हवेचा अडथळा कमी; आणि चाकं सुटण्याइतका वेग आला की एकदम एक-दोन खाचा ओढायच्या. पंखाला अचानक जास्तीची उचल मिळते आणि विमान जमिनीवरून सुटतं. चाकांऐवजी पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटवर असताना तर पाण्याची पकड सोडवायला ही युक्ती फार उपयोगी. मात्र विमान अजून पुरेशा वेगात नसतं, म्हणून लगेच नाक सांभाळत जमिनीलगतच वेग वाढवावा लागतो. उतरताना उलट: चाकं टेकली की दांडा सोडून फ्लॅप झटक्यात वर, म्हणजे पंखाची उचल जाते, वजन चाकांवर येतं आणि ब्रेक धरतात. अलास्कातल्या व्हाल्डेझच्या स्पर्धेत आखूडात आखूड उड्डाण-उतरणीसाठी जी चढाओढ चालते, तिथे दांड्यावरची ही हातोटी फुटाफुटाचा फरक पाडते.

आता फेरफाराकडे. सर्वांत सोपा म्हणजे दांडा लांबवणं. समजा टेकूपासून मुठीपर्यंत 12 इंच होते ते 16 केले. जोर एक चतुर्थांशाने कमी लागेल, पण मुठीचा प्रवास एक तृतीयांशाने वाढेल. फुकट काही मिळत नाही. वाढलेला प्रवास कुठे जातो हे आधी पाहायला हवं: गुडघ्यावर, सीटच्या कडेवर, की दाराच्या चौकटीवर? शिवाय लांब दांड्याने तेवढ्याच हातजोरात केबल, बेलक्रँक (ओढीची दिशा बदलणारा तुकडा) आणि शेवटच्या थांब्यावर जास्त ताण पडतो. दुसरा उपाय दांडा वाकवून मूठ हाताजवळ आणण्याचा. पोचण्याची तक्रार असेल तर माझ्या मते हाच आधी करून पाहावा. तिसरा, दांडा छताशी नेणं. हौशी बांधणीच्या काही विमानांत तो असा आहे. खांद्याचे पट्टे लावलेल्या माणसाचा हात वर सहज जातो, खाली जात नाही. पण मग केबलचा सगळा मार्गच नव्याने आखावा लागतो.

जोर लागतो म्हणून तक्रार असेल तर आधी वेग तपासावा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी 70 मैलांवर जेवढा जोर लागेल, त्याच्या दुप्पट 100 मैलांवर. कित्येकदा दांडा जड नसतो, विमान घाईत असतं. खरोखर जड होतो तो फ्लॅप मोठे केल्यावर. पंख लांबवताना एलेरॉन (विमान कुशीवर झुकवणारे पंखाच्या टोकाकडचे पाट) बाहेर सरकवले आणि मोकळ्या जागेत फ्लॅप वाढवले, की कारखान्याचा दांडा अपुरा पडू लागतो.

दांड्याच्या शेंड्यावरच्या बटणाचं मात्र कुणी फारसं बोलत नाही. दांडा खाचेत अडकवून ठेवणारी खिट्टी हवेच्या भाराखाली घट्ट बसलेली असते. दांडा किंचित मागे ओढून भार काढल्याशिवाय ती नीट सुटत नाही. दांडा लांबवला की आतला बटणाचा गजही लांबवावा लागतो, आणि तो जराही लवला तर खिट्टी अर्धवटच उचलली जाते. झिजलेली खाच आणि अर्धी बसलेली खिट्टी या जोडीने फ्लॅप अचानक वर जाऊ शकतो, तोही जमीन जवळ असताना. अमेरिकेच्या 2017 पूर्वीच्या विमान-मानकांत ठरवलेल्या जागी ठेवलेला फ्लॅप आपोआप हलता कामा नये आणि दोन्ही बाजूंचे फ्लॅप साधारणपणे बरोबरच हलावेत, अशा अटी होत्या त्या यासाठीच.

हौशी बांधणीच्या प्रायोगिक विमानात बांधणाऱ्याला बरीच मोकळीक असते. कारखान्यातून प्रमाणपत्रासह आलेल्या विमानात मात्र उड्डाण-नियंत्रणाला हात लावणं हा मोठा फेरबदल धरला जाऊ शकतो. मग मंजूर पूरक प्रमाणपत्र तरी हवं किंवा त्या एका विमानापुरती एफएए या अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेची मंजुरी, आणि नोंद फॉर्म 337 वर. विमान विकलं की तो कागद आणि वाकवलेला दांडा दोन्ही नव्या मालकाकडे जातात. त्याचा हात आखूड असो की लांब.