रिकाम्या कॉकपिटची पार्श्वभूमी : हेल्मंदपासून ब्लॅक हॉकपर्यंत

फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यातल्या फोर्ट कॅम्पबेल इथे एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आत कोणीही नसताना अर्धा तास उडालं. बातम्यांत तेव्हा ‘पहिल्यांदाच’ हा शब्द सढळ हाताने वापरला गेला. ब्लॅक हॉकपुरता तो बरोबर आहे. पण वैमानिकासह आणि वैमानिकाविना, दोन्ही तऱ्हांनी उडणारं लष्करी हेलिकॉप्टर त्याच्या दहा वर्षं आधीच युद्धात वापरून झालं होतं. आजच्या चाचण्या समजून घ्यायच्या तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

त्याहून जुनं थोडक्यात. 1960 च्या दशकात अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांवर टॉर्पेडो टाकण्यासाठी ‘डॅश’ ही छोटी विनावैमानिक हेलिकॉप्टरं विनाशिकांवर ठेवली. सातशेहून अधिक बांधली गेली आणि निम्म्याहून अधिक गमावली. पुढे 2004 मध्ये ‘लिटल बर्ड’ या छोट्या हेलिकॉप्टरच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा आत सुरक्षा वैमानिक बसवला होता. उड्डाण संगणकाने करायचं, काही बिनसलं तर ताबा माणसाने घ्यायचा. कोणीही न बसता ते उडालं 2006 मध्ये, ॲरिझोनातल्या यूमा इथे. आधी माणसासह, मग माणसाविना, हा चाचणीचा क्रम आजही तसाच आहे. आपल्याकडेही नौदलासाठी चेतक हेलिकॉप्टरचं विनावैमानिक रूप तयार करण्याचा प्रकल्प इस्रायली भागीदाराबरोबर हाती घेतला होता. ते ताफ्यात मात्र आलं नाही.

आता अफगाणिस्तान. रस्त्यांत पेरलेल्या स्फोटकांमुळे रसद नेणाऱ्या ट्रकच्या ताफ्यांवर माणसं दगावत होती. म्हणून अमेरिकेच्या मरीन दलाने दिवसाला 6,000 पौंड, म्हणजे सुमारे 2,700 किलो सामान दूरच्या चौक्यांवर पोचवणारं विनावैमानिक हेलिकॉप्टर मागितलं. निवड झाली ‘के-मॅक्स’ची. हे मुळात लाकडाचे ओंडके उचलण्यासारख्या कामांसाठी बनवलेलं, एका माणसाचं यंत्र. एकमेकांत गुंफल्यासारखे फिरणारे दोन पंखे, शेपटीला पंखा नाही, आणि सगळा भार पोटाखालच्या दोरावर. संगणक बसवल्यावरही त्यातली खुर्ची काढली नाही. चाचणीसाठी किंवा एका तळावरून दुसरीकडे नेण्यासाठी वैमानिक चढू शकत होता.

17 डिसेंबर 2011 रोजी कॅम्प ड्वायर या तळावरून अफगाणिस्तानच्या हेल्मंद प्रांतातल्या पेन चौकीवर सुमारे 1,600 किलो रसद पोचली. सहा महिन्यांचा प्रयोग मे 2014 पर्यंत लांबला आणि दोन हेलिकॉप्टरांनी मिळून 45 लाख पौंडांहून अधिक, म्हणजे दोन हजार टनांच्या वर सामान वाहिलं. बहुतेक फेऱ्या रात्रीच्या. तेवढं सामान रस्त्याने न गेल्यामुळे किती ट्रकचालक त्या वाटेवर उतरलेच नाहीत, याची मोजदाद कुठल्याच चाचणी अहवालात होत नाही. माझ्या मते या प्रयोगाची खरी मिळकत तीच.

वाद आहे तो जून 2013 च्या अपघाताचा. त्या दिवशी अंदाज समोरून वाऱ्याचा होता, प्रत्यक्षात वारा पाठीमागून आला. चौकीजवळ पोचताना हेलिकॉप्टर वाऱ्याबरोबर फिरू लागलं, दोराला टांगलेला भार हेलकावे घेऊ लागला आणि यंत्र जमिनीवर आदळलं. कोणी जखमी झालं नाही. बदललेल्या वाऱ्याप्रमाणे उड्डाणाचा आराखडा सुधारला असता आणि जमिनीवरच्या चालकांनी आधीच हस्तक्षेप केला असता तर अपघात टळला असता, असं चौकशीतून पुढे आलं. इथेच खरी गुंतागुंत आहे. दोष यंत्राचा म्हणावा तर त्याने दिलेला आराखडाच पाळला. दोष माणसाचा म्हणावा तर तो यंत्रात नव्हताच. खाली भार झुलायला लागला की आत बसलेल्या वैमानिकाला तो अंगाला जाणवतो; पडद्यासमोर बसलेल्याला तो आकड्यांतून आणि उशिरा कळतो. खुर्ची होती, पण त्या वेळी ती उपयोगाची नव्हती. तरीही दोन हजार टनांच्या कामापुढे या एका अपघाताला अनेक लेखांत जरा जास्तच वजन मिळालं. प्रयोग संपल्यावर ही हेलिकॉप्टरं मायदेशी जाऊन पडून राहिली आणि 2016 मध्ये पुन्हा चाचण्यांसाठी यूमाला आणली गेली. मधली दोन वर्षं अशी वाया घालवायला नको होती.

दरम्यान दुसरी धारा सुरू झाली होती. नवं यंत्र बनवण्यापेक्षा ताफ्यात असलेल्या ब्लॅक हॉकलाच स्वयंचलित प्रणाली बसवायची. मे 2019 मध्ये ते वैमानिकांसह उडालं. कॉकपिटमध्ये एक साधा खटका आहे : दोन, एक, शून्य. आत किती वैमानिक आहेत ते यंत्राला त्यावरून कळतं. खटका शून्यावर नेऊन वैमानिक उतरून चालू लागतात आणि पुढची तपासणी, पंखे फिरवणं, उड्डाण सगळं यंत्र करतं. 2022 च्या त्या उड्डाणात त्याने मोकळ्या आकाशात संगणकाने रचलेल्या मॅनहॅटनच्या इमारती चुकवल्या.

ऑक्टोबर 2022 च्या यूमातल्या चाचण्या मला अधिक मोलाच्या वाटतात, कारण हेल्मंदमध्ये नडलेलीच गोष्ट तिथे तपासली गेली. दोराला सुमारे 1,180 किलो भार टांगून अर्धा तास उड्डाण झालं. मग वाटेतच जमिनीवरून टॅब्लेटवर हुकूम आला : भार सोड, उतर, जखमीला घे. जखमीच्या जागी पुतळा होता. आणखी एका फेरीत रक्ताच्या पिशव्या 83 मैल नेल्या. पाठीमागून अवचित येणाऱ्या वाऱ्यात टांगलेल्या भाराची परीक्षा अशा चाचण्यांत पुन्हा पुन्हा व्हायला हवी.

पुढे वाटा दोन झाल्या. 2024 मध्ये नव्या पिढीच्या ब्लॅक हॉकवर हीच प्रणाली बसवण्याचं कंत्राट दिलं गेलं. त्यात वैमानिकांच्या जागा कायम आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये मात्र ब्लॅक हॉक बनवणाऱ्या सिकॉर्स्की कंपनीनेच कॉकपिट पूर्ण कापून टाकलेलं ब्लॅक हॉक दाखवलं. नाकाच्या जागी उघडणारी दारं आहेत, समोरूनच सामान चढतं आणि मालासाठीची जागा जवळपास पाव पटीने वाढली आहे. त्यात बसायला वैमानिकाला जागा उरलेली नाही.