काळा घोडा एका दिवसात: भिंतीवर काय लागणार, हे कोण ठरवतं?

पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटणारी डेक्कन क्वीन साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोचते आणि संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी परत निघते. काळा घोडा या गॅलऱ्यांनी भरलेल्या भागातली जहांगीर आर्ट गॅलरी अकराला उघडते. पुण्याच्या कलाविद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी मुंबईतली चित्रं पाहिली ती या मधल्या वेळातच. अलिबागकडच्यांना मांडव्याहून लाँच पकडून गेटवेला उतरलं की दहा मिनिटांची चाल, पण हा मार्ग पावसाळ्यात बंद. वार निवडतानाही जरा डोकं लावावं लागतं. सोमवारी एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, बंद असतं. जहांगीरमधली प्रदर्शनं मात्र साधारणपणे मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी उतरतात. रविवारी बहुतेक खासगी गॅलऱ्यांना कुलूप. सुट्टीचा वार गाठायचा तर राहता राहिला शनिवार.

इतक्या गॅलऱ्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, त्याचं श्रेय बंदराला द्यायला हवं. १८६० च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले आणि जमीन मोकळी झाली. कापूस आणि अफूच्या व्यापारात गब्बर झालेल्या घराण्यांनी तिच्यावर वाचनालयं, सभागृहं, पुतळे उभे केले. ज्या घोड्यावरून या भागाचं नाव पडलं तो १८७९ चा अश्वारूढ पुतळाही अशाच एका घराण्याची देणगी. १९६५ मध्ये तो हलवून राणीच्या बागेत नेला. २०१७ मध्ये त्या भागात नवा घोडा आला, स्वाराविना. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, इमारत १९१४ मध्ये बांधून झाली, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं, त्यामुळे लोकांसाठी ती उघडायला १९२२ उजाडलं.

जहांगीर याच म्युझियमच्या आवारात, १९५२ साली. तोवर मुंबईच्या चित्रकारांना प्रदर्शनासाठी हक्काची म्हणावी अशी जागाच नव्हती, हे आज सहज विसरलं जातं. जहांगीरची ठेवणही समजून घ्यायला हवी. एखाद्या म्युझियमसारखा कायमचा संग्रह इथे मांडलेला नसतो. चित्रकार अर्ज करतो, निवड झाली की वर्षानुवर्षं वाट पाहतो आणि मग आठवडाभरासाठी भाडं भरून दालन घेतो. त्यामुळे शेजारशेजारच्या दालनांत एकीकडे उत्तम, दुसरीकडे सुमार असं हमखास दिसतं. नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ही व्यवस्था तिच्या सगळ्या दोषांसकट लोकशाहीच्या जवळची वाटते. सांगली-कोल्हापूरचा चित्रकारही इथे आपला आठवडा मिळवू शकतो, आणि बघायला येणाऱ्याला तिकीट नाही. आतलं सामोवार हे कॅफे मार्च २०१५ मध्ये बंद झालं, तेव्हापासून दुपारी टेकायचं कुठे हा प्रश्न तेवढा उरला आहे.

रस्ता ओलांडला की एनजीएमए. ही मुळात १९११ ची कावसजी जहांगीर हॉलची इमारत, म्हणजे देणगी जहांगीर गॅलरी देणाऱ्या घराण्याचीच. इथे राजकीय सभा झाल्या, मैफली झाल्या, आणि पडत्या काळात कामगार मेळाव्यांपासून लग्नांपर्यंत आणि मालाच्या सेलपर्यंत ज्याला हवा त्याला हॉल भाड्याने मिळे. ऐंशीच्या दशकात एका शिल्पकर्तीच्या पुढाकाराने तो कलेसाठी वाचवायची मोहीम सुरू झाली. बारा वर्षं गेली. जुन्या कवचाच्या आत चढत्या मजल्यांची नवी रचना बसवून १९९६ मध्ये संग्रहालय उघडलं. ते केंद्र सरकारचं, पण मोहीम मुंबईकर कलावंतांची. पुढचा वाद कळायला एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

इथे मोठी प्रदर्शनं कोणाची व्हावीत, हे सुचवायला स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती असे. एखाद्या चित्रकाराचं आयुष्यभराचं काम खालपासून घुमटापर्यंत सगळ्या मजल्यांवर मांडायचं, ही मुंबई शाखेची खरी ओळख या समित्यांच्या काळात झाली. २०१८ च्या नोव्हेंबरनंतर समिती राहिली नाही. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रभाकर बरवे यांच्या कामाचं प्रदर्शन उघडलं. बरवे १९९५ मध्ये गेले, म्हणजे इतक्या मोठ्या मांडणीला दोन तपं उशीरच झाला होता. उद्घाटनाला जेजे कलामहाविद्यालयात चित्रकला शिकलेले आणि पुढे सिनेमात नाव कमावलेले एक ज्येष्ठ अभिनेते-दिग्दर्शक बोलायला उभे राहिले. स्थानिक समितीने ठरवलेलं हे शेवटचं प्रदर्शन, यापुढे निर्णय दिल्लीत होणार, बहुतेक जागा संस्थेच्या स्वतःच्या संग्रहाला जाणार आणि इतरांना छोटासा हिस्सा उरणार, अशी टीका त्यांनी सुरू केली. आयोजकांनी भाषणात मध्येच त्यांना अडवलं. बरव्यांपुरतंच बोला, असं सुचवलं गेलं. त्याची चित्रफीत दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरली.

संस्थेची बाजू अशी की समितीची मुदत संपली होती, ती बरखास्त केलेली नाही. नियमावर बोट ठेवलं तर हे बरोबरही असेल. पण मुदत संपणार हे आधीपासून माहीत असताना नवी समिती तयार का नव्हती? स्वतःचा संग्रह कायम मांडून ठेवावा हा आग्रह वावगा नाही. बाहेरगावाहून एका दिवसासाठी आलेल्याला तर तो सोयीचाच, कारण आधुनिक भारतीय चित्रकला कोणत्याही महिन्यात सलग पाहता येईल. तरीही ती सोय आणि निवडीचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वादात जाणूनबुजून एकत्र केल्या गेल्या असं मला वाटतं.

ज्या दोन चित्रकारांची प्रदर्शनं रद्द झाल्याची तेव्हा चर्चा होती, ती दोन्ही पुढे याच इमारतीत झाली. सुधीर पटवर्धनांचं २०१९ च्या अखेरीस लागलं आणि नव्या वर्षातही चालू राहिलं. मेहली गोभाईंचं मार्च २०२० मध्ये लागलं आणि लगेच टाळेबंदी आली. दबावामुळे निर्णय फिरला की तो तसा घेतलाच नव्हता, हा प्रश्न मात्र उरतोच.

खासगी गॅलऱ्यांचा नकाशा दरम्यान पसरत गेला. १९६३ पासून जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर असलेली केमोल्ड २००७ मध्ये फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडवर गेली. कुलाब्यात, बॅलार्ड इस्टेटमध्ये नव्या जागा उघडल्या. बेल वाजवून आत जायची सवय नसेल तर पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, पण सहसा कोणी हटकत नाही. एनजीएमएत प्रदर्शन बदलायचं काम चालू असेल तर वरचे मजले बंद मिळू शकतात, तेव्हा गाडीचं आरक्षण करण्याआधी चौकशी केलेली बरी. जानेवारी-फेब्रुवारीतल्या काळा घोडा कला महोत्सवाच्या दिवसांत मात्र गर्दी इतकी असते की जहांगीरच्या पायऱ्या चढायलाच वेळ लागतो.