कुठला बटाटा हो हा?

श्रावणातल्या एका सोमवारी घरी वेफर्स तळायला घेतले. बटाटे बघायला एकदम छान होते, मोठे, डाग नाही, कोंब नाही, किसणीवर चकत्या पण एकसारख्या पडल्या, धुवून कोरड्या करून तेलात सोडल्या आणि बघता बघता सगळा घाणा चॉकलेटी. खाल्ले तर कडवट. आई म्हणाली तेल जास्त तापलं, वहिनी म्हणाली तेलच जुनं असणार. मग गॅस मंद करून दुसरा घाणा काढला, तर तो पण तसाच, फक्त जरा उशिरा काळा झाला.

तेलाचा काही दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी साताऱ्यात मंडईत जाऊन विचारलं, काल दिलेला बटाटा कुठला हो? तर म्हणे आग्र्याचा आहे ताई, कोल्डचा. इथेच सगळं उत्तर आहे.

बटाटा जमिनीतून काढला तरी तो जिवंत असतो, श्वास घेत असतो. उत्तरेकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला बटाटा वर्षभर पुरवायचा म्हणजे कोल्ड स्टोरेजमध्ये 2 ते 4 डिग्रीला ठेवतात, तिथे त्याला कोंब येत नाहीत आणि तो सडतही नाही. पण साधारण 8-10 डिग्रीच्या खाली गेला की बटाट्यातल्या पेशी स्टार्च तोडून त्याची साखर करायला लागतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. म्हणून कोल्डमधल्या बटाट्याची भाजी कधी कधी गोडसर लागते, हे तुम्ही पण अनुभवलं असेल. आता ही साखर आणि बटाट्यातली अमिनो आम्लं गरम तेलात एकत्र आली की रंग चढतो. पाव भाजल्यावर जो खरपूस रंग येतो तीच ही प्रक्रिया, तिला मायार्ड रिअ‍ॅक्शन म्हणतात. थोडी झाली तर वेफर सोनेरी होतो, साखर जास्त असली तर आतून शिजायच्या आधीच काळा. आणि हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही, 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की अशा तळलेल्या-भाजलेल्या स्टार्चवाल्या पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन तयार होतं, आणि रंग जितका गडद तितकं ते सहसा जास्त. त्यामुळे काळे वेफर्स "खरपूस आहेत" म्हणून खाऊ नका, सरळ टाकून द्या.

मग कोल्डचा बटाटा वापरायचाच नाही का? तसं नाही. रस्सा करा, पराठे करा, काही फरक पडत नाही. तळायचाच असेल तर दोन-तीन आठवडे घरात अंधाऱ्या, हवेशीर जागी साध्या तापमानाला ठेवा, त्यात बरीचशी साखर खर्च होते आणि काहीचा परत स्टार्च होतो. चकत्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून धुतल्या तरी वरची साखर निघून जाते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे पाच किलो किसायच्या आधी एकच चकती तळून बघा. हाच बटाटा आपण घरी फ्रिजमध्ये ठेवला तरी तेच होतं, फ्रिज म्हणजे छोटं कोल्ड स्टोरेजच की.

पण नुसतं साठवणीवर भागत नाही, जातीचा पण मोठा हात असतो आणि आपण बाजारात जाती विचारतच नाही. आंबा घेताना हापूस का पायरी विचारतो, तांदूळ घेताना इंद्रायणी का कोलम, बटाटा मात्र नुसता बटाटा. भारतात बटाट्यावर काम करणारी सरकारी संस्था 1949 मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि 1956 मध्ये शिमल्याला गेली, तिथून जवळच कुफरी नावाचं गाव आहे आणि संस्थेच्या जातींच्या नावाला पुढे कुफरी लागतं. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी सिंदूरी (ही लाल सालीची), कुफरी पुखराज, कुफरी चिप्सोना, अलीकडे जांभळ्या सालीची कुफरी नीलकंठ. 1972 मध्ये आलेल्या एका जातीचं तर नावच मराठी आहे, कुफरी लवकर! आपल्या दख्खनच्या पठारासाठी काढलेली, लवकर तयार होणारी म्हणून लवकर. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

जातीजातीत खरा फरक असतो तो पाणी किती आणि स्टार्च किती याचा. बटाट्यात साधारण 75 ते 80 टक्के पाणीच असतं. पुखराज पटकन वाढतो, उत्पन्न भरपूर देतो, पण पाणी जास्त. चिप्सोना वेफर्ससाठीच काढलेली जात, तिच्यात पाणी सोडून उरणारा भाग 20 टक्क्यांच्या वर असतो आणि साखर कमी. पाणी जास्त असलं की तळताना ते सगळं वाफ होऊन जाणार आणि त्या जागी तेल शिरणार, म्हणून असा वेफर तेलकट होतो, कमी भरतो आणि लवकर मऊ पडतो.

भाजीवाल्याला जात सांगता येत नाही बऱ्याचदा, त्याच्याकडे आग्रा, इंदूर, गुजरात, तळेगाव अशी गावंच असतात. मग घरी एक प्रयोग करा, मुलांना पण आवडेल. 11 वाट्या पाण्यात 1 वाटी मीठ पूर्ण विरघळवा आणि त्यात बटाटे सोडा. स्टार्च पाण्यापेक्षा जड, त्यामुळे पिठूळ बटाटा बुडतो आणि पाणीदार, घट्ट बटाटा तरंगतो. एकाच पिशवीतले काही बुडतात काही तरंगतात, तेव्हा कळतं की आपल्याला मिक्स माल मिळालाय.

बुडालेले बटाटे वड्याला, पराठ्याला, वेफर्सला. शिजताना यांच्या पेशी स्टार्च फुगल्यामुळे एकमेकींपासून सुट्या होतात म्हणून ते भुसभुशीत लागतात. तरंगलेले रश्शाला, काचऱ्यांना, मसालेभातात, कारण ते आकार धरून ठेवतात, भातात हलवलं तरी लगदा होत नाही. वड्याचं सारण कधी कधी डिंकासारखं चिकट होतं ना, तिथे जात कमी आणि आपली घाई जास्त कारणीभूत असते. गरम बटाटा मिक्सरला फिरवला की पेशीच फुटतात आणि आतला शिजलेला स्टार्च बाहेर येऊन खळीसारखा चिकटतो. हाताने कुस्करा, किंवा सरळ उकडून गार होऊ द्या मग किसा, गार झाल्यावर स्टार्च परत घट्ट होतो आणि चिकटपणा कमी होतो. आणि उकडताना सालीसकट अख्खेच उकडा, चिरून उकडलेले बटाटे पाणी पितात आणि मग टिक्की तव्यावर पसरते.

अजून एक गोष्ट, चिंच किंवा टोमॅटो आधी घातला की बटाटा शिजता शिजत नाही, ही आईची तक्रार नेहमीची होती आणि ती शंभर टक्के बरोबर आहे. पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही. त्यामुळे बटाटा आधी शिजवून घ्या, आंबट नंतर. उलट बटाटा मोडायलाच नको असेल तर थोडं आंबट आधी घाला, फायद्याचंच आहे. बोअरच्या जड पाण्यात पण तेच होतं कारण त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं, माण-खटावकडे ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे त्यांना डाळीवरून हे माहीत असेलच.

खटावचं नाव निघालंच आहे तर, पुसेगाव, बुध, डिस्कळ या पट्ट्यात पावसाळी बटाटा मोठ्या प्रमाणात होतो. जून-जुलैत लागवड, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी. बेणं, म्हणजे लावायचा बटाटा, मात्र पंजाबातून येतं, जालंधरकडून. इतक्या लांबून का? कारण बटाटा बियांपासून न लावता बटाट्याचेच डोळे असलेले तुकडे लावतात (तो मूळ नाही, जमिनीतलं खोड आहे, रताळं मात्र मूळ), आणि बेण्यात विषाणूचा रोग असला की तो सरळ पुढच्या पिकात उतरतो. हे रोग मावा ही बारीक कीड पसरवते, आणि उत्तरेच्या मैदानात हिवाळ्यात काही काळ मावा फार कमी असतो, म्हणून तिथे निरोगी बेणं तयार करता येतं. आपल्याकडचा हा नवा बटाटा ताजा, पातळ सालीचा, नुसतं चोळलं तरी साल निघते. रश्शाला याच्यासारखा बटाटा नाही असं माझं मत. वेफर्सला मात्र अजून कोवळा असतो. जुन्या काळी कोल्ड नव्हतं तेव्हा शेतकरी झाडाच्या सावलीत ढीग रचून वर पाला, गवत टाकून बटाटा ठेवायचे, त्याला अरण म्हणतात, काही ठिकाणी अजून लावतात. फार दिवस टिकत नाही पण अरणीतला बटाटा गोड होत नाही, थंडीच लागत नाही ना त्याला.

आपल्या सातारा जिल्ह्याशी बटाट्याचं नातं बरंच जुनं आहे. 19व्या शतकात इंग्रजांनी महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते, त्यांनी तिथे बटाटे आणि इंग्लिश भाज्यांच्या बागा केल्या. चायनामन धबधबा बघायला आपण जातो, त्याचं नाव त्या चिनी लोकांच्या बागांवरूनच पडलं. आणि बटाटा हा शब्द तर पोर्तुगीजांकडून आला, पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचं.

हिरवा बटाटा हा विषय मात्र गंभीर आहे. उजेड लागला की सालीत हरितद्रव्य तयार होतं, ते स्वतः निरुपद्रवी असतं, पण त्याच वेळी सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य पण वाढतं आणि ते उलट्या-जुलाब करू शकतं. शिजवून, तळून ते जात नाही. थोडासाच हिरवा डाग असेल तर जाड साल काढा, कोंबाच्या जागी खोलवर कोरून घ्या, पण पूर्ण हिरवा किंवा चवीला कडू बटाटा फेकूनच द्या. दुकानात ट्यूबलाइटखाली पारदर्शक पिशवीत ठेवलेले बटाटे मी घेत नाही. घरी पण गोणपाटात किंवा कागदी पिशवीत.

घरातल्या इतर उपयोगांपैकी दोन-तीन खरंच चालतात. विळीला किंवा लोखंडी तव्याला हलका गंज चढला तर कापलेल्या बटाट्यावर मीठ घेऊन घासा, बटाट्यात थोडं ऑक्झॅलिक आम्ल असतं ते गंजाला धरून सोडवतं आणि मीठ घासणीचं काम करतं. चकत्या धुतलेल्या पाण्याच्या तळाशी पांढरा स्टार्च बसतो, तो पाण्यात शिजवला की सुती साडीला उत्तम खळ होते. तोच स्टार्च खव्यात मिसळला जातो, म्हणून कंदी पेढ्यांसाठी घरी खवा आणला की त्याचा चिमूटभर तुकडा पाण्यात उकळून गार करा आणि आयोडीनचा थेंब टाका, निळा झाला तर भेसळ. आमटी खारट झाल्यावर बटाटा टाकतात तो मात्र मीठ शोषून घेत नाही, खारट पाणीच पितो, उरलेली आमटी तेवढीच खारट राहते. त्यापेक्षा पाणी वाढवा.

आणि भाजल्यावर कच्चा बटाटा किसून लावायचा, हे कृपा करून करू नका. गंमत म्हणजे 1985 मध्ये मुंबईच्या वाडिया हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी खरंच वापरली होती, जखम ओलसर राहते आणि पट्टी चिकटत नाही म्हणून, पण त्या साली निर्जंतुक केलेल्या होत्या आणि काम हॉस्पिटलमध्ये चाललं होतं. घरच्या कच्च्या किसातून जखमेत फक्त माती आणि जंतू जातील. घरी भाजलं तर 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, आणि मोठं असेल तर सरळ डॉक्टरकडे.