कॅथलिक प्रिपरेटरी स्कूल

कॅथलिक प्रिपरेटरी स्कूल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील खाजगी माध्यमिक विद्यालयांचा एक प्रकार. सामान्यतः नववी ते बारावी अशा चार इयत्ता, महाविद्यालयीन प्रवेशाची तयारी हे उघड उद्दिष्ट आणि धर्मशिक्षणाची सक्ती ही त्याची लक्षणे. बोलीत ‘प्रेप’ हे संक्षिप्त नाव रूढ आहे. धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) किंवा बिशपच्या धर्मप्रांताच्या शाळांहून ही विद्यालये वेगळी होत. त्यांचा कारभार जेझुइट, बेनेडिक्टाइन, द ला साल बंधू यांसारख्या कॅथलिक धर्मसंघांकडे वा स्वतंत्र विश्वस्त मंडळाकडे असतो. मात्र कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार सक्षम धर्माधिकाऱ्याच्या संमतीवाचून कोणत्याही शाळेस ‘कॅथलिक’ म्हणवून घेता येत नाही. त्यामुळे ‘खाजगी’ या विशेषणाला मर्यादा पडते. २०१९ मध्ये इंडियानापोलिसच्या आर्चबिशपांनी ब्रेबफ जेझुइट प्रिपरेटरी स्कूलची कॅथलिक मान्यता काढून घेतली, तेव्हा हा प्रश्न रोमपर्यंत (चर्चच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपर्यंत) गेला व त्या आदेशास तात्पुरती स्थगिती मिळाली.

या प्रकारातील सर्वांत जुनी संस्था कोणती, याविषयी एकमत नाही. न्यू ऑर्लीन्समधील अर्सुलाइन भगिनींनी (जोगिणींच्या एका संघाने) चालविलेले मुलींचे विद्यालय १७२७ चे आहे. परंतु त्या वेळी लुइझियाना फ्रेंच वसाहत होती व १८०३ पर्यंत ती संयुक्त संस्थानांत आलेलीच नव्हती. मुलांच्या विद्यालयांत जॉर्जटाउन प्रिपरेटरी स्कूलला (मेरिलंड) अग्रमान दिला जातो. जॉन कॅरल या कॅथलिक धर्मगुरूंनी स्थापलेल्या या संस्थेचे वर्ष १७८९ धरतात. इमारतीचे काम मात्र १७८८ मध्ये सुरू झाले होते, जमिनीचे खरेदीखत जानेवारी १७८९ चे आहे आणि पहिला विद्यार्थी विल्यम गॅस्टन १७९१ च्या अखेरीस दाखल झाला. एकोणिसाव्या शतकात १७८८ हे वर्षही छापले जात असे. खरेदीखताची तारीख कागदोपत्री पक्की असल्याने १७८९ हेच अधिक ग्राह्य वाटते. अध्यापनाचा प्रारंभ हाच निकष लावल्यास हे वर्ष टिकणार नाही, हे खरे. अडचण आणखी एक आहे : हेच वर्ष जॉर्जटाउन विद्यापीठही आपले म्हणून सांगते. दोघांचे म्हणणे खोटे नाही, कारण तेव्हा विद्यालय व महाविद्यालय ही एकच संस्था होती. माध्यमिक विभाग १९१९ मध्ये सध्याच्या जागी हलला व १९२७ मध्ये विद्यापीठापासून कायद्याने विभक्त झाला.

या जोडरचनेचे मूळ यूरोपातील जेझुइट शिक्षणपद्धतीत आहे. १५९९ च्या ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ या अभ्यासनियमावलीत व्याकरण, साहित्य व वक्तृत्व असे चढत्या क्रमाचे वर्ग होते, त्यांवर तत्त्वज्ञान. लॅटिन हा त्यांचा कणा. अमेरिकेतील जेझुइट महाविद्यालयांनी हाच क्रम सहा-सात वर्षांच्या सलग अभ्यासक्रमात बसविला आणि माध्यमिक शिक्षण कोठे संपते हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित ठेवला. ऐच्छिक विषयांचे पुरस्कर्ते असलेले हार्व्हर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८९९ मध्ये या ठरीव अभ्यासक्रमावर जाहीर टीका केली. तिला टिमथी ब्रॉस्नाहन या जेझुइट प्राध्यापकाने सविस्तर उत्तर दिले. वादात कोण जिंकले हे सांगणे कठीण. व्यवहारात मात्र एलियट यांची सरशी झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जेझुइटांनी चार वर्षे विद्यालय व चार वर्षे महाविद्यालय ही सर्वमान्य विभागणी स्वीकारली आणि आजचे ‘प्रेप’ स्वतंत्र संस्था म्हणून उभे राहिले. खाजगी धार्मिक शाळांच्या अस्तित्वालाच धोका निर्माण करणारा ऑरेगन राज्याचा १९२२ चा सक्तीच्या सार्वजनिक शिक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये रद्द ठरविला.

सध्याचा अभ्यासक्रम इतर चांगल्या खाजगी विद्यालयांसारखाच असतो : इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, परकीय भाषा आणि वरच्या वर्गांत महाविद्यालयीन दर्जाचे ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ विषय. लॅटिन अनेक ठिकाणी टिकून आहे, पण आता बहुधा ऐच्छिक म्हणून. धर्मविद्या सामान्यतः चारही वर्षे असते व तिच्यातून अन्यधर्मीय विद्यार्थ्यांनाही सूट नसते. पूर्वी हा विषय प्रश्नोत्तररूप धर्मबोधाचा होता. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) त्यात बायबलचा चिकित्सक अभ्यास, नीतिशास्त्र व जगातील धर्मांचा परिचय यांना स्थान मिळाले. याच सुमारास धर्मसंघीय शिक्षकांची संख्या घटू लागली. आज बहुसंख्य अध्यापक संघाबाहेरचे आहेत.

समाजसेवेचे ठराविक तास पूर्ण करणे ही अनेक ठिकाणी विद्यालयीन शिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळण्याची अट असते. जेझुइटांचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी १९७३ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे माजी विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणात ‘इतरांसाठी जगणारी माणसे’ घडविणे हे शिक्षणाचे ध्येय सांगितले. सेवाकार्याला आजचे वजन त्यानंतरच आलेले दिसते. वरच्या इयत्तांसाठी ‘कैरोस’ नावाचे काही दिवसांचे निवासी चिंतनशिबिर भरते. त्याची परंपरा १९४० च्या दशकात स्पेनमधील मायोर्का बेटावर निघालेल्या ‘कुर्सिल्यो’ या कॅथलिक आध्यात्मिक चळवळीशी जोडली जाते. शिबिरात काय घडते ते बाहेर न सांगण्याचा संकेत विद्यार्थी कसोशीने पाळतात, त्यामुळे त्याविषयीचे लेखन तुटपुंजे आहे.

गणवेश, वर्षारंभीची प्रार्थनासभा, वादविवाद मंडळे यांचे स्वरूप विद्यालयागणिक बदलते. खेळांत अमेरिकन फुटबॉलचा मान मोठा. कॅलिफोर्नियातील काँकर्डच्या द ला साल विद्यालयाने १९९२ ते २००४ या काळात सलग १५१ सामने जिंकले होते.

शुल्कामुळे ही विद्यालये सधन वर्गाची मानली जातात. न्यूयॉर्कचे रेजिस हायस्कूल (१९१४) एका देणगीच्या आधारे स्थापनेपासून निःशुल्क आहे. शिकागोतील क्रिस्तो रे जेझुइट हायस्कूलने १९९६ मध्ये निराळा मार्ग काढला : विद्यार्थी महिन्यातील काही दिवस कार्यालयांत काम करतात व त्या मोबदल्यातून शिक्षणखर्चाचा मोठा भाग भागतो. या नमुन्यावर पुढे अन्य शहरांतही विद्यालये निघाली.