ओळ मोडणे आणि वर्ड रॅप

मजकूर संपादकात ओळ दोन कारणांनी मोडते. एंटर दाबला की ओळ संपल्याची अदृश्य खूण फाइलमध्ये साठते. वर्ड रॅपमध्ये शब्द रुंदीत मावला नाही म्हणून खालच्या ओळीवर दिसतो, फाइलमध्ये मात्र काहीच भर पडत नाही. खिडकी, पान किंवा फॉण्टचा आकार बदलला की रॅप नव्याने ठरतो. एंटरची खूण जागची हलत नाही. बहुतेक बिघाड या दोन्हींची गल्लत झाल्याने होतात.

लिनक्स आणि आजच्या मॅकवर ही खूण म्हणजे लाइन फीड (आस्की या अक्षरांच्या क्रमांक-यादीत १०). विंडोजवर तिच्याआधी कॅरेज रिटर्न (१३) ही आणखी एक खूण असते. नोटपॅडला २०१८पर्यंत नुसता लाइन फीड कळत नसे, त्यामुळे लिनक्सवरची फाइल त्यात एका सलग ओळीत उघडे.

रत्नागिरी, कुडाळकडच्या डीटीपी कामात (संगणकावर छपाईचा मजकूर मांडण्यात), म्हणजे लग्नपत्रिका, जाखडीची किंवा दशावताराची हँडबिले जुळवताना, ईमेलमधून उचललेल्या मजकुरात अनेकदा प्रत्येक ओळीअखेर एंटर असतो. अरुंद रकान्यात तो ओतला की एक ओळ भरलेली, पुढची दोन शब्दांची, असे होते. वर्डमध्ये आधी कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून खुणा पाहाव्यात; एंटरची खूण तिथे परिच्छेदखूण (¶) म्हणून दिसते. परिच्छेदांमध्ये कोरी ओळ असेल, तर फाइंड-रिप्लेसच्या ‘स्पेशल’ यादीतून लागोपाठ दोन परिच्छेदखुणा निवडून त्यांच्या जागी @@@ ही तात्पुरती खूण घालावी, मग उरलेल्या एकेरी खुणांच्या जागी स्पेस, शेवटी @@@च्या जागी परिच्छेदखूण. एकेरी खुणा आधी काढल्या तर सगळे परिच्छेद एकमेकांत मिसळतात.

पत्त्यात ‘जि.’ ओळीच्या टोकाला आणि ‘सिंधुदुर्ग’ खाली गेले, तर एंटर मारू नये. पत्रिकेचा आकार बदलताच तो भलत्याच जागी ओळ तोडतो. त्या दोघांमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने न तुटणारी स्पेस द्यावी. परिच्छेद तोच ठेवून नवी ओळ हवी असेल तर शिफ्ट-एंटर. मात्र दोन्ही कडा जुळवलेल्या परिच्छेदात वर्ड ती ओळ ताणून शब्दांत मोठ्या फटी पाडतो, म्हणून पत्ता डावीकडेच जुळवावा.

देवनागरीत आणखी एक अडचण येते. ‘क्षि’ हे दिसायला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत, ते फाइलमध्ये साठवण्याच्या यूटीएफ-८ या रीतीत १२ बाइट. बाइट मोजून ओळ तोडणारे साधन अक्षराच्या मधोमध कापते आणि तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. मराठी फाइल स्पेसपाशीच तोडावी.